पेन्सिलीने लिहिलेला अर्ज : क्लॅरन्स गिडिअनची जीवनकथा

थोर पुरुषांची चरित्रे आपण नेहमीच वाचतो व मुलांना सांगतो. आज ज्याची कथा सांगावयाची आहे तो या अर्थाने थोर पुरुष नव्हे. तो विद्वान नव्हता, पुढारी नव्हता, आणि सज्जन म्हणावा तर तसाही नव्हता. चार वेळा शिक्षा भोगलेला, कुठे घर नाही की ठाव नाही असा, जुगाराच्या अड्ड्यांवर दिवस काढणारा तो एक अमेरिकन इसम होता. आणि तरीही त्याचे नाव आज जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, तेही महाराष्ट्रातील एका खटल्यात, त्याच्या निकालाचा आधार घेतला आहे. त्याचे नाव क्लॅरन्स अर्ल गिडिअन.

गिडिअनचा जन्म 30 ऑगस्ट 1910 रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील हॅनिबल या गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच बाप वारला. आईने दुसरा संसार मांडला, पण पोराचे त्या घरात पटले नाही. आठवीपर्यंत शिकून चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला. माझ्या वर्गात या वयाची मुले बसतात, त्यामुळे चौदा वर्षांचे पोर एकटे रस्त्याला लागले म्हणजे त्याचे काय होते हे मला कोणी समजावून सांगावयास नको. त्याने चोरी केली आणि त्याची रवानगी सुधारगृहात झाली. नाव सुधारगृह, पण पुढे आयुष्यात त्याने जेवढे तुरुंग पाहिले त्यांत सर्वांत वाईट तेच, आणि तेथल्या फटक्यांचे वण अजून अंगावर आहेत, असे त्याने पन्नाशी उलटल्यावर आपल्या वकिलाला लिहून कळविले.

सुटल्यावर जोड्यांच्या कारखान्यात काही काळ काम मिळाले. मग 1928 साली घरफोडी व चोरीबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. तीनेक वर्षांनी सुटला तेव्हा अमेरिकेत महामंदीचे दिवस होते. धडधाकट, निष्कलंक माणसांना काम मिळत नव्हते, मग तुरुंगातून सुटलेल्याला कोण विचारतो? पुन्हा चोरी, पुन्हा तुरुंग, असे चक्र चालू झाले. मिसुरी, कॅन्सस, टेक्सास असे तीन राज्यांतील तुरुंग त्याने पाहिले. मध्ये क्षयाने गाठले. चार लग्ने झाली. शेवटच्या संसारात मुले होती आणि त्यांच्यावर त्याचा जीव होता, एवढे मात्र त्याच्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. पुढे हा संसार फ्लॉरिडा राज्यात पॅनामा सिटी नावाच्या गावी आला. हे गाव पनामा देशातील नव्हे.

येथपर्यंतचे चरित्र वाचून कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखे ते काय? अशी माणसे प्रत्येक तालुक्याच्या कोठडीत सापडतात. अगदी खरे आहे, आणि म्हणूनच ही कथा येथे सांगावीशी वाटली.

3 जून 1961 च्या पहाटे पॅनामा सिटीजवळच्या एका बिलियर्डच्या अड्ड्यात चोरी झाली. दार फोडलेले, सिगारेटचे यंत्र आणि नाणे टाकून गाणी ऐकण्याचे यंत्र उचकटलेले, थोडी नाणी आणि दारूच्या व कोका-कोलाच्या काही बाटल्या गेलेल्या. एका तरुणाने पोलिसांना सांगितले की पहाटे साडेपाचच्या सुमारास आपण गिडिअनला तेथून बाहेर पडताना पाहिले. गिडिअनला पकडले तेव्हा त्याच्या खिशात सुटी नाणी होती. ती आपण जुगारात मिळविली असे तो म्हणाला. पण दागी माणसाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

खटला 4 ऑगस्ट 1961 रोजी उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारले, खटल्याला तयार आहात काय? गिडिअन म्हणाला, नाही, मला वकील नाही, आणि घेण्याची ऐपत नाही. न्यायालयाने मला वकील द्यावा. न्यायाधीशांनी सांगितले की फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे ज्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा होऊ शकते त्याच गुन्ह्यात न्यायालय सरकारी खर्चाने वकील देते. या गुन्ह्यात देता येत नाही. त्यावर गिडिअनने उत्तर दिले की देशाच्या सर्वोच्च न्यायालयाप्रमाणे मला वकील मिळण्याचा हक्क आहे.

येथे एक गंमत लक्षात घ्यावयास हवी. त्या दिवशी कायद्याने न्यायाधीश बरोबर होते आणि गिडिअन चूक होता! सर्वोच्च न्यायालयाने असे कधी म्हटलेच नव्हते. 1931 साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो येथे नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप आला. बाहेर गोऱ्यांचा जमाव, आत नावापुरता वकील, आणि काही दिवसांतच त्यांपैकी आठ जणांना देहान्ताची शिक्षा सुनावून न्यायालय मोकळे झाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा 1932 साली असे ठरले की देहान्ताच्या खटल्यात असहाय आरोपीला खरोखरीचा वकील मिळालाच पाहिजे. म्हणजे या हक्काची पहिली किंमत काळ्या पोरांनी मोजली हे विसरता कामा नये. पण 1942 साली मेरीलँडमधील बेट्स नावाच्या एका बेकार शेतमजुराने चोरीच्या खटल्यात तोच हक्क मागितला, तेव्हा न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नकार दिला. काही विशेष अडचण असेल, उदाहरणार्थ आरोपी वेडसर किंवा अगदी अडाणी असेल, तरच इतर गुन्ह्यांत वकील द्यावा, असा तो निकाल होता. गिडिअन वेडसर नव्हता, आठवी शिकलेला होता, म्हणून त्याने आपली बाजू स्वतः मांडावी असा त्याचा अर्थ झाला.

आणि त्याने ती मांडली. सहा ज्यूरींसमोर तो उभा राहिला, साक्षीदारांना प्रश्न विचारले, स्वतःच्या बाजूने माणसे बोलावली, मी निर्दोष आहे असे सांगितले. न्यायाधीशांनीही त्याला जमेल तेवढे सांभाळून घेतले, हे नमूद केले पाहिजे. ते दुष्ट मनुष्य नव्हते. परंतु साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारावा, कोणता मुळीच विचारू नये, कशाला हरकत घ्यावी, हे ज्याला माहीत नाही त्याची उलटतपासणी ती कसली? पहाटे साडेपाचला तू तेथे काय करीत होतास, हा प्रश्न त्या तरुण साक्षीदाराला हवा तसा खोदून विचारलाच गेला नाही. ज्यूरीने गिडिअनला दोषी ठरविले आणि पाच वर्षांची, म्हणजे त्या गुन्ह्याची सर्वांत जास्त शिक्षा झाली.

रेफर्डच्या तुरुंगात तो कायद्याची पुस्तके वाचू लागला. आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग त्याने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज लिहिला. तुरुंगाचे रेघी कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेली सुटी सुटी अक्षरे, शुद्धलेखनाच्या चुका. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर तुरुंगाचे नियम छापलेले होते : आठवड्याला दोनच पत्रे, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, इंग्रजीतच लिहावे. त्या नियमांच्या खाली गिडिअनने आपला मुद्दा मांडला. त्याने दया मागितली नाही. आपण म्हातारे झालो, आजारी आहोत, मुले लहान आहेत, असे काही लिहिले नाही. मला वकील दिला नाही म्हणून कायद्याची रीतसर प्रक्रिया मला मिळाली नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आपल्या समाजात अर्ज लिहिणे हे काय असते हे आपण जाणतो. आमच्या आधीच्या पिढीने मायबाप सरकार, गरिबावर मेहेरबानी करावी, अशाच मायन्याने अर्ज लिहिले किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतले. हक्काच्या भाषेत अर्ज लिहावयास आपल्याला परमपूज्य बाबासाहेबांनी शिकविले. म्हणून या परक्या माणसाचा अर्ज वाचताना तो परका वाटत नाही.

8 जानेवारी 1962 रोजी हा अर्ज वॉशिंग्टनला पोहोचला. फी न भरता आलेले असे हजारावर अर्ज दर वर्षी तेथे येत आणि बहुतेक सारे फेटाळले जात. हा स्वीकारला गेला, कारण 1942 चा तो निकाल चुकीचा होता असे अनेक न्यायमूर्तींना वाटू लागले होते व तो फिरविण्यासाठी योग्य खटल्याची ते वाट पाहत होते. न्यायालयाने गिडिअनसाठी एब फोर्टास या नामांकित वकिलाची नेमणूक केली. फोर्टास यांनी एक पैसाही न घेता काम केले. आधी त्यांनी आपल्या अशिलाला त्याच्या आयुष्याची माहिती विचारली, आणि गिडिअनने बावीस पानांचे पत्र पाठविले. त्यात त्याने काहीच लपविले नाही. चोऱ्या, तुरुंग, मोडलेले संसार, सारे लिहिले. आपण आज जे त्याच्याविषयी जाणतो ते पुष्कळसे त्या पत्रामुळेच.

दुसऱ्या बाजूला फ्लॉरिडा सरकारचे वकील होते, वयाने अगदी तरुण. प्रत्येक राज्याला आपापली पद्धत ठरविण्याची मोकळीक असावी, आणि हा निकाल फिरला तर हजारो कैदी सुटतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. फ्लॉरिडाच्या तुरुंगांतील सुमारे आठ हजार कैद्यांपैकी पाच हजारांवर कैद्यांच्या खटल्यात वकील नव्हता, असा आकडाही सरकारनेच दिला. वास्तविक हा आकडा सरकारच्या विरुद्धच बोलत होता! फ्लॉरिडाने इतर राज्यांकडे पाठिंबा मागितला तेव्हा उलटेच घडले. बावीस राज्ये गिडिअनच्या बाजूने उभी राहिली. फ्लॉरिडाच्या बाजूला दोनच राज्ये आली.

फोर्टास यांनी युक्तिवादात क्लॅरन्स डॅरो यांचा दाखला दिला. डॅरो हे अमेरिकेतील फौजदारी वकिलांत अग्रगण्य. त्यांच्यावर स्वतःवर खटला झाला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? दुसरा वकील लावला! एवढ्या मोठ्या कायदेपंडिताला जर वकिलाची गरज लागते, तर पॅनामा सिटीच्या गिडिअनला लागणार नाही काय?

18 मार्च 1963 रोजी सर्वच्या सर्व नऊ न्यायमूर्तींनी गिडिअनच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. 1942 साली बेट्सच्या खटल्यात विरोधी मत नोंदविणाऱ्या तिघांपैकी ते एक. एकवीस वर्षे त्यांचे मत अल्पमत होते, आता तेच देशाचा कायदा झाले. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरीब माणसाला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. सरकार आरोपीविरुद्ध वकील लावते आणि पैसेवाला आरोपी स्वतःसाठी वकील लावतो, याचाच अर्थ वकील ही चैन नव्हे तर गरज आहे, असा त्या निकालाचा आशय.

पण या निकालाने गिडिअन सुटला नाही. त्याला फक्त नवा खटला मिळाला. 5 ऑगस्ट 1963 रोजी तो पुन्हा उभा राहिला. तेच न्यायालय, तेच न्यायाधीश, तोच आरोप, तोच मुख्य साक्षीदार. फरक एकच होता. या वेळी त्याच्या शेजारी फ्रेड टर्नर नावाचा स्थानिक वकील बसलेला होता. बाहेरून आलेले मोठे वकील गिडिअनने नाकारले आणि गावची माणसे ओळखणारा हा वकील मागून घेतला. हे त्याचे शहाणपण म्हणावयाचे.

टर्नर घटनेच्या जागी फिरला, माणसांशी बोलला, साक्षीदाराची माहिती काढली. मग कोर्टात त्याने विचारावयास सुरुवात केली. रात्रभर दुसऱ्या गावी नाचगाण्याला जाऊन तुम्ही पहाटे नेमके त्या अड्ड्यापाशीच का उतरलात? चोरी होताना दिसली तर पोलिसांना लगेच का कळविले नाही? तुमच्यावर पूर्वी गुन्हा शाबीत झाला आहे काय? अड्ड्यातून बिअर बाहेर काढणारे तुमचेच सोबती नव्हते ना? साक्षीदार डळमळला. ज्या टॅक्सीवाल्याने त्या पहाटे गिडिअनला नेले होते त्याने सांगितले की गिडिअनच्या हातात बाटली वगैरे काही नव्हते. ज्यूरी आत गेली आणि सुमारे तासाभराने बाहेर आली. निर्दोष!

दोन वर्षांहून अधिक काळ हा माणूस कोठडीत होता. टर्नरने केलेले काम त्याला 1961 सालीच मिळाले असते तर? हा प्रश्न मी आठवी-नववीच्या मुलांना विचारून पाहिला आहे. एका मुलीने उत्तर दिले की मग त्याचे नाव कोणाला कळले नसते. पोरीचे म्हणणे बिनतोड होते.

फ्लॉरिडा सरकारने 1963 सालीच कायदा करून प्रत्येक न्यायविभागात गरीब आरोपींसाठी पगारी सरकारी बचाव-वकील नेमण्याची व्यवस्था केली. पुढच्या काही महिन्यांतच तेथील हजाराच्या आसपास कैदी सुटले, कारण वकील देऊन पुन्हा खटला चालविला तर गुन्हा शाबीत होणार नाही हे सरकारलाच पटले. त्यांच्यापैकी किती जण खरोखर निर्दोष होते हे आता कोण सांगणार?

आता आपल्या देशाकडे वळू. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, आणि त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, हे हक्क आपल्या संविधानाच्या 22 व्या कलमात आहेत. हे कलम मसुद्यात पूर्वी नव्हते. 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी ते संविधान सभेत मांडले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून कायद्याच्या रीतसर प्रक्रियेची हमी गळली होती, त्याबद्दल सभासदांत आणि बाहेर असमाधान होते. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी हे नवे कलम त्यांनी आणले. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणसाला मात्र हा वकिलाचा हक्क नाही, आणि तो अपवाद आजही कायम आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्या गोष्टी अपुऱ्या आहेत त्या अपुऱ्या म्हणावयास आपण भिऊ नये.

परंतु पसंतीचा वकील घेण्याचा हक्क असला तरी फीचे पैसे नसतील तर? येथेच गिडिअनची गोष्ट आपल्याला येऊन भिडते. गरिबांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळावे असे सांगणारे 39-अ हे कलम 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले, आणि तेही आणीबाणीत, हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात असताना! मग 1978 साली महाराष्ट्रातील होसकोट खटला आला. विद्यापीठाच्या खोट्या पदव्या बनविण्याच्या प्रयत्नाबद्दल त्या गृहस्थांना उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती, पण सर्वोच्च न्यायालयात अपील आले ते शिक्षा भोगून झाल्यावर, कारण निकालाची प्रतच वेळेवर हाती पडली नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अपील फेटाळले, पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे असे ठरविले. तेथे त्यांनी गिडिअनच्या निकालाचा उल्लेख केला. चोरीचा आरोप असलेला अमेरिकन आणि खोट्या पदव्यांचा आरोपी येथला. दोघेही आदर्श नागरिक नव्हेत, पण हक्क रुंद झाला तो यांच्यामुळे.

पुढच्याच वर्षी, 1979 साली, हुसैनारा खातून खटल्यात बिहारचे कच्चे कैदी जगापुढे आले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक वर्षे ते केवळ खटल्याची वाट पाहत आत होते. 1981 साली भागलपूरच्या आंधळे केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात ठरले की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे आणतात त्या दिवसापासून वकील द्यावयाचा, आणि हा हक्क आहे हे दंडाधिकाऱ्याने स्वतःहून सांगावयाचे. 1983 साली शीला बर्से या पत्रकार बाईंच्या पत्रावरून मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. आणि 1986 साली अरुणाचल प्रदेशातील सुक दास खटल्यात न्यायालय एक पाऊल पुढे गेले : आरोपीने वकील मागितला नाही म्हणून हक्क बुडत नाही. गिडिअनला निदान मागता येत होते. आपल्या देशात कित्येकांना हे मागावयाचे असते हेच माहीत नसते, हे न्यायालयाने ओळखले.

1987 साली विधि सेवा प्राधिकरण कायदा झाला व 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू आहे. त्यातील बारावे कलम प्रत्येक घरात ठाऊक असावे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. धर्मांतरानंतर आपण अनुसूचित जातीत मोडतो की नाही, असा प्रश्न नवदीक्षित कुटुंबे विचारतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना तो दर्जा मिळाला आहे. त्यासाठी जातीचा दाखला काढून ठेवावा. आणि माणूस कोठडीत असेल तर जात, धर्म, उत्पन्न, दाखला, काहीच आड येत नाही. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच विधि सेवा समितीचे कार्यालय असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. तोंडी सांगितले तरी तेथला माणूस लिहून घेतो.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील दर चार कैद्यांपैकी जवळजवळ तीन कच्चे कैदी होते. नेमलेला वकील तारखेलाच पहिल्यांदा आरोपीचे तोंड पाहतो, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. अशा वेळी वकील बदलून मागता येतो. टर्नरने केले तसे काम वकिलाकडून मागण्याचा हक्क फुकट वकील मिळालेल्यालाही आहे, कारण ते फुकट नव्हे, ते आपले आहे.

गिडिअनचे पुढे काय झाले? फार काही झाले नाही. तो सुटला, किरकोळ कामे करीत राहिला, पुन्हा लग्न केले. त्याच्यावर अँथनी लुईस यांनी 1964 साली पुस्तक लिहिले. 18 जानेवारी 1972 रोजी फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे कर्करोगाने तो वारला, तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता आणि गरीबच होता. नातलगांनी देह हॅनिबलला नेऊन पुरला. त्या जागी सुरुवातीला दगडही नव्हता. पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतील नागरी हक्कांच्या एका संघटनेने तेथे शिळा बसविली आणि तिच्यावर गिडिअनने फोर्टास यांना लिहिलेल्या त्या बावीस पानी पत्रातील एक वाक्य कोरले.